बाटलीवरचा शंभर आणि अर्ध्याचा हिशेब

बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या जुन्या घराण्यांतल्या अनेक बाटल्यांवर एक आकडा ठळक छापलेला असतो: १०० प्रूफ. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या रमच्या किंवा देशी दारूच्या बाटलीवर बहुधा वेगळाच आकडा असतो: ४२.८ टक्के, आणि शेजारी बारीक अक्षरांत '२५ यू.पी.', म्हणजे पंचवीस अंश अंडर प्रूफ. प्रूफ हा शब्द दोन्हीकडे एकच, पण त्याची किंमत दोन्हीकडे वेगळी. अमेरिकेतली शंभर प्रूफ दारू म्हणजे पन्नास टक्के अल्कोहोल. आपल्या अबकारी खात्याच्या हिशेबातली शंभर प्रूफ म्हणजे ५७.१५ टक्के. घरी दोन-चार पेले मांडून बर्बन आणि राय या व्हिस्कींची पारख करणारा माणूस या आकड्याकडे दर्जाचा शिक्का म्हणून पाहतो. हा आकडा आला कुठून, हे शोधत गेले की तो दर्जाचा शिक्का नव्हताच, हे कळते. माझे म्हणणे असे की तो एका साध्या प्रश्नाचे उत्तर होता: या द्रवात दारू किती आणि पाणी किती, अर्धेअर्धे आहे की नाही?

बर्बनची बाकीची कुळकथा सर्वांना ठाऊक आहे. बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका, राय व्हिस्कीमध्ये निदान ५१ टक्के राय हे धान्य, आतून जाळून कोळसा केलेले नवे ओक लाकडाचे पिंप आणि केंटकीचे कडक उन्हाळे. तीत नवे सांगण्यासारखे थोडे. प्रूफची कथा मात्र सगळीकडे सांगितली जाते आणि बहुतेक ठिकाणी चुकीची सांगितली जाते.

प्रचलित गोष्ट अशी. इंग्रजी आरमारात खलाशांना रोज रमचा शिधा मिळे. भांडारी पाणी तर मिसळत नाही ना, ही शंका कायमची. म्हणून खलाशी बंदुकीच्या दारूवर थोडी रम ओतत आणि काडी लावत. पेटली तर रम खरी ठरे, नुसती फुसफुसली तर पाणचट. जिने ही परीक्षा पार केली ती 'प्रूफ'. मराठीत तोफेत ठासायची आणि पेल्यात ओतायची अशा दोन्ही वस्तू 'दारू' या एकाच शब्दाखाली नांदतात, त्यामुळे ही गोष्ट आपल्या कानाला तर फारच सहज पटते. ती पूर्णपणे खोटी आहे असेही नाही. अशी चाचणी माणसांनी केली असेल, करून पाहिलीही असेल. पण करकायद्यातले एक परिमाण त्या चाचणीवर उभे राहिले, हा दावा टिकत नाही. बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक सोरा, आणि सोरा पाण्यात विरघळतो. रम जास्त ओतली, तर अल्कोहोल जळून गेल्यावर मागे उरणारे पाणी भुकटी ओली करते आणि चांगली जोरदार रमही नापास होते. उलट चार थेंबच टाकले तर सौम्य रमसुद्धा पास होते. शिवाय अल्कोहोल पेट घेईल की नाही, हे हवेच्या उष्णतेवरही अवलंबून असते. जमैकाच्या दुपारी जे पेटेल ते पोर्ट्‌स्मथच्या जानेवारीत पेटेलच असे नाही. ओतणाऱ्याच्या हाताप्रमाणे आणि हवामानाप्रमाणे निकाल बदलणारी परीक्षा खलाशांच्या गप्पांना पुरते, महसूल गोळा करायला पुरत नाही. आणि प्रूफ ही चीज मुळात महसुलाचीच आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीलाच इंग्लंडचा करकायदा साध्या ब्रँडीवर एक दर आणि 'प्रूफच्या वर' असलेल्या ब्रँडीवर दुसरा, चढा दर लावताना दिसतो. प्रूफ म्हणजे कसोटी. ती कसोटी कशाची, हे व्यापाऱ्याला आणि जकातवाल्याला आधीपासून ठाऊक असल्याखेरीज असा कायदा लिहिताच आला नसता.

ती कसोटी अर्ध्याची होती, असा माझा पक्का तर्क आहे. बंदुकीच्या दारूपेक्षा कितीतरी साध्या दोन चाचण्या दारू गाळणाऱ्यांच्या हाताशी होत्या. एक म्हणजे मापून घेतलेली दारू भांड्यात पेटवायची, ज्योत विझेपर्यंत थांबायचे आणि मागे उरलेले पाणी मोजायचे. निम्मे जळाले, निम्मे उरले की माल ठीक. दुसरी चाचणी डोळ्यांची. काचेच्या कुपीत दारू अर्ध्यापर्यंत भरायची, कुपी तळहातावर आपटून हलवायची आणि कडेने धरणाऱ्या बुडबुड्यांकडे पाहायचे. इंग्रजी बोलणारे गाळणारे या बुडबुड्यांना मणी म्हणत. मणी केवढे आहेत, काचेला माळेसारखे किती वेळ धरून राहतात, द्रवाच्या पृष्ठावर अर्धे वर अर्धे खाली तरंगतात का, यावरून मुरलेला माणूस ताकद सांगे. अॅपलेशियन डोंगरांत चोरून दारू गाळणाऱ्यांनी ही विद्या विसाव्या शतकापर्यंत चालवली. अठराव्या शतकातल्या इंग्रजी हस्तपुस्तिकांतही प्रूफ दारू म्हणजे पूर्ण जळणारा अंश आणि पाणी यांचे जवळपास समसमान मिश्रण, अशीच समजूत दिसते. 'अर्धे' हे असे एकच परिमाण आहे की जे कोणत्याही यंत्राशिवाय, कोणत्याही बाजारात, निरक्षर माणसालाही पटवून देता येते. तोफखान्यापर्यंत जाण्याची गरजच नव्हती.

यावर पहिली हरकत उघड आहे. इंग्रजी प्रूफ जर अर्ध्यावरून आले, तर ते ५७.१५ टक्के कसे? याचे उत्तर मिळाले की या सगळ्या विषयाचा गुंता सुटतो. ब्रिटिश सरकारने अठराव्या शतकात आधी द्रवाची घनता मोजणारा क्लार्कचा हायड्रोमीटर मान्य केला आणि १८१६ मध्ये त्याच्या जागी बार्थॉलोम्यू साइक्सचा आणला. त्या काळच्या कायद्याने प्रूफची व्याख्या वजनावर केली: ५१ अंश फॅरनहाइटला जिचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या बरोबर बारा-तेरांश भरते ती प्रूफ स्पिरिट. या बारा-तेरांशाचे अल्कोहोल आकारमानाने काढले तर ५७.१५ टक्के येते. पण तेच वजनाने काढले तर ४९.२८ टक्के येते. म्हणजे वजनाने अर्धे, किंचित कमी. इंग्रजांनी अर्धे तोलून ठरवले. अमेरिकेने पुढे तेच अर्धे मापून ठरवले. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून तोललेले अर्धे आणि मापलेले अर्धे यांत सात टक्क्यांची तफावत पडते. अटलांटिकच्या दोन काठांवर एकाच शब्दाला दोन किंमती येण्याचे कारण मला तरी याहून सरळ दिसत नाही.

दुसरी हरकत जास्त बारीक आहे आणि तिला उत्तर देणे भाग आहे. पूर्ण निर्जल अल्कोहोल रसायनशास्त्रज्ञ टोबियास लोविट्झने १७९६ च्या सुमारास मिळवले. त्याआधीच्या गाळणाऱ्यांच्या हातात शंभर टक्के शुद्ध अल्कोहोल नव्हतेच, मग त्यांचे अर्धे हे खरे अर्धे कसे असेल? हे बरोबर आहे. पण मुख्य चाचणी मिसळून करण्याची नव्हती, जाळून करण्याची होती. जळणारे जळून जाते आणि न जळणारे मागे राहते. त्यासाठी शुद्ध अल्कोहोलची बाटली शेजारी असावी लागत नाही. जळताना थोडे पाणीही वाफेबरोबर निघून जाते, त्यामुळे निकाल किंचित सरकतो. बारा-तेरांशाचा गोल अपूर्णांक ही या चालत आलेल्या व्यवहाराला नंतर दिलेली कायदेशीर बैठक आहे. तो अर्ध्याच्या इतका जवळ पडावा, हा योगायोग मानणे मला जड जाते.

आता अमेरिका. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनच्या आग्रहाने १७९१ मध्ये आलेल्या पहिल्या अबकारी कायद्याने दारूचे ताकदीप्रमाणे सहा वर्ग पाडले आणि देशी मालाच्या दारूवर गॅलनमागे ९ ते २५ सेंट कर लावला. वर्ग ठरवायला लिव्हरपूलच्या जॉन डिकसचा हायड्रोमीटर नेमला होता. पश्चिम पेन्सिल्वेनियातल्या राय गाळणाऱ्या शेतकऱ्यांनी याविरुद्ध बंड केले आणि १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने सुमारे १३ हजार शिबंदी पाठवून ते मोडले. हा भाग प्रसिद्ध आहे. ज्याकडे लक्ष जात नाही ते असे की त्या शेतकऱ्याची राय तेव्हा पहिल्यांदा सरकारी काट्यावर चढली आणि तिची जोरकसता ही कराची बाब झाली. पुढे १८६८ च्या महसूल कायद्याने व्याख्या पक्की केली: प्रूफ स्पिरिट म्हणजे जिच्यात आकारमानाने निम्मे अल्कोहोल आहे ती, ६० अंश फॅरनहाइटला. शंभर म्हणजे पन्नास, दुप्पट-निमपट. अमेरिकेने इंग्रजी अपूर्णांक टाकून दिला, कारण तिथल्या गाळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुपीतले अर्धे होते, तराजूतले नव्हते, असे मला वाटते.

कुपीतल्या त्या मण्यांच्याच आधारे पुढे फसवणूक झाली. गृहयुद्धानंतरच्या अमेरिकेत नवी, कच्ची दारू घेऊन तिच्यात रंग, साखर आणि अर्क घालून 'जुनी बर्बन' विकणाऱ्यांचा मोठा व्यापार होता. पाणी घातलेली दारू हलवली की मणी टिकत नाहीत, म्हणून त्यांनी गोड बदामाचे तेल आणि गंधकाम्ल यांचे मिश्रण करून खास मणी उठवणारे तेल बनवले. त्याच्या कृती त्या काळच्या दारू-मिश्रणाच्या पुस्तकांत उघड छापलेल्या आहेत. डोळ्यांची परीक्षा अशी निकामी झाल्यावर बर्बन गाळणारे कर्नल एडमंड टेलर आणि अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांच्या खटपटीने १८९७ चा 'बॉटल्ड इन बाँड' कायदा आला: एकाच कारखान्याची, एकाच हंगामाची, सरकारी कुलपाखालच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि नेमकी १०० प्रूफला भरलेली दारू. शंभराच्या आकड्याला प्रतिष्ठा चढली ती इथून. लोकांना हमी मिळाली ती वयाची, कारखान्याची आणि भेसळ नसल्याची. पण लक्षात राहिला तो आकडा.

आपल्या बाटलीवरच्या ४२.८ चे मूळही याच हिशेबात आहे. साइक्सचा काटा ब्रिटिश अबकारीबरोबर हिंदुस्थानात आला आणि राहिला. ५७.१५ चे पंचाहत्तर टक्के काढा, ४२.८६ येतात, तीच पंचवीस अंश अंडर प्रूफ दारू. महाराष्ट्रात आजही उत्पादन शुल्काचा हिशेब 'प्रूफ लिटर'मध्ये होतो. म्हणून बाटलीवर ४०, ४३ किंवा ४५ असा सुटसुटीत आकडा न येता ४२.८ येतो. तीच दारू अमेरिकेत ८५.६ प्रूफ ठरेल. आणि ताकद म्हणजेच दर्जा, हा समज आपल्याकडेही घट्ट आहे. 'पहिल्या धारेची' हे विशेषण मराठी माणूस कौतुकानेच वापरतो.

चाखणाऱ्याची फसगत होते ती याच समजामुळे. ज्याने ९० प्रूफची बर्बन आणि ११० प्रूफची राय शेजारी ठेवून तुलना केली, त्याने राय आणि मका यांची तुलना केलेलीच नाही. अल्कोहोलची जळजळ आणि रायचा मिरी-लवंगेसारखा तिखटपणा चाखताना एकमेकांत मिसळून जातात, आणि जास्त ताकदीची कोणतीही दारू 'रायची वाटते'. यावर जाणकारांची हरकत असते की पिंपातून निघाली त्याच ताकदीची दारू हेच तिचे खरे रूप, पाणी घालणे म्हणजे तिला बिघडवणे. पण पिंपातली ताकदही माणसानेच ठरवलेली असते. पिंपात भरण्याची कमाल मर्यादा १९६२ पर्यंत ११० प्रूफ होती, मग ती १२५ झाली. आणि केंटकीतल्या गोदामाच्या वरच्या उष्ण मजल्यांवर पाणी अल्कोहोलपेक्षा वेगाने उडते, म्हणून ताकद आणखी चढते. कायद्यातली दुरुस्ती आणि मजल्याची उंची यांतून आलेला आकडा दारूचा स्वभाव ठरवत नाही. शिवाय पाण्याने वास मरतो हेही खरे नाही. स्वीडनच्या लिनीयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपाने दाखवले की ग्वायकॉलसारखे सुगंधी रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाकडे येतात आणि ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलच्या वेढ्यात आत राहतात. त्यांचा विषय धुराचा वास असलेली व्हिस्की होती; पण ग्वायकॉल जाळलेल्या ओकमधूनही उतरतो, म्हणून बर्बनलाही ते लागू पडावे.

तेव्हा पारख करायची असेल तर आधी आकडा काढून टाका. १२० प्रूफच्या ३० मिलीत ६ मिली पाणी घातले की ती १०० प्रूफला येते. हिशेब एवढाच आहे. दोन्ही पेले एकाच ताकदीवर आणा, एकाच आकाराच्या पेल्यांत ओता, कोणता कुठला हे दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या, आणि मगच मका, राय, लाकूड आणि वय यांबद्दल मत द्या. प्रूफचा जन्म पाणी मोजण्यासाठी झाला होता. चव मोजण्याचे काम त्याच्याकडे कधीच नव्हते, आणि आपणही ते त्याला देऊ नये.