दोन विमानांमधले अंतर

कामगार चळवळीतला माणूस विमानांविषयी काय सांगणार, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. पण नियमाबरहुकूम काम केले की कारभार कसा अडतो, हे आम्हांला कोणी शिकवावयास नको. आणि या इतिहासाचा धागा तेथेच सापडतो.

अमेरिकेतील विमान-वाहतूक नियंत्रकांनी १९६८ साली संघटना उभारली. त्याच जुलैत तिने सभासदांना आदेश दिला, की दोन विमानांत जेवढे अंतर राखण्याचा नियम आहे तेवढे काटेकोर राखा. संप पुकारला नाही. तरी न्यूयॉर्ककडची विमाने तासन्‌तास खोळंबली. म्हणजे एरवी ते अंतर चोरले जात होते!

हे अंतर केवळ टक्कर टाळण्यापुरते नसते. पंखाखाली हवेचा दाब अधिक, वर कमी. त्यामुळे खालची हवा पंखांच्या टोकांवरून वर वळते आणि विमानामागे दोन भोवरे परस्परविरुद्ध दिशांनी फिरत राहतात. विमान जितके जड आणि संथ, तितका भोवरा जबर. तो सहसा दिसत नाही, आणि वारा पडलेला असला म्हणजे अधिक टिकतो. पूर्वी वैमानिक याचा दोष पुढच्या विमानाच्या पंख्याच्या झोताला देत.

१९७० साली जंबो जेट आले. ३० मे १९७२ रोजी टेक्सासमधील फोर्ट वर्थजवळच्या विमानतळावर सरावाचे एक डीसी-९ विमान अवजड डीसी-१० च्या मागोमाग उतरत होते. भोवऱ्यात सापडून ते कलंडले. आतले चौघेही गेले. चौकशीचा निष्कर्ष आम्हांला महत्त्वाचा वाटतो : वैमानिकांना सावधगिरीची सूचना मिळाली होती, पण धोका केवढा आणि कोठे, हे ओळखण्याइतकी माहिती त्यांच्यापाशी नव्हती. शिवाय रडारच्या मार्गदर्शनाखालील विमानांना मिळणारे संरक्षण, नजरेच्या भरवशावर उतरणाऱ्यांना नियमांनी दिलेच नव्हते. नुसती ‘सांभाळा’ची पाटी लावून मोकळे होणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे अवजड विमानामागे अवजडाने ४, मध्यमाने ५ आणि हलक्याने ६ सागरी मैल अंतर ठेवावयाचे असते. त्या नियंत्रकांनी १९८१ साली संप केला, तेव्हा रेगनसाहेबांनी अकरा हजारांहून अधिक जणांना घरी बसविले. तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

अंतर न चोरताही गर्दी हलविता येते. समोरून जोराचा वारा असला की तेवढेच मैल कापावयास विमानाला जास्त वेळ लागतो. मात्र तोच वारा भोवरेही लवकर मोडतो. हे लेझर किरणांनी मोजून लंडनच्या हीथ्रोवर २०१५ पासून उतरणाऱ्या विमानांतले अंतर मैलांऐवजी वेळेवर ठरवू लागले.