हॅमस्टरच्या पेशी कॅन्सरचं औषध कसं बनवतात?

स्तनाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन देतात. हे औषध म्हणजे एक प्रथिन आहे आणि ते जिवंत पेशींकडून बनवून घेतलं जातं. या पेशी चायनीज हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातल्या. त्यांना ‘सीएचओ’ म्हणतात. अमेरिकी शास्त्रज्ञ थिओडोर पक यांनी १९५७ मध्ये त्या प्रयोगशाळेत वाढवल्या.

बॅक्टेरियाकडून का नाही बनवत?

इन्सुलिन बॅक्टेरियाकडून बनवता येतं. पण अनेक मोठ्या प्रथिनांवर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. औषध शरीरात किती काळ टिकेल, हे बऱ्याचदा त्यांच्यावर ठरतं. माणसासारख्या साखळ्या जोडायचं काम सस्तन प्राण्यांच्या पेशी चांगलं करतात.

पेशींना सवय कशी लावतात?

आधी पेशीत औषधाचा जीन घालतात. सोबत ‘डीएचएफआर’ नावाचा दुसरा जीनही असतो. मग मेथोट्रेक्सेट हे विषारी औषध थोडं थोडं वाढवत देतात. (हो, संधिवातात देतात तेच!) या विषातून तगण्यासाठी काही पेशींमध्ये डीएचएफआरच्या अनेक प्रती तयार होतात आणि शेजारच्या औषधाच्या जीनच्याही प्रती आपोआप वाढतात. बाकीच्या पेशी मरतात.

खरी चिकाटी लागते ती यानंतर. प्रयोगशाळेत या पेशी बशीच्या तळाला चिकटून आणि वासराच्या गर्भाच्या रक्तातल्या सीरमवर वाढायच्या. कारखान्यात मात्र त्यांनी हजारो लिटरच्या टाकीत तरंगत वाढायला हवं, तेही सीरमशिवाय. कारण सीरमची प्रत्येक खेप वेगळी असते आणि त्यातून विषाणू येण्याची भीती असते. म्हणून सीरम १० टक्क्यांवरून ५, मग २, असं कमी करत शून्यावर आणतात. प्रत्येक टप्प्यावर पेशींची वाढ मंदावते, अनेक मरतात. घाई केली तर सगळा साठा वाया जातो, आणि पेशी जगल्या तरी औषध तेवढंच बनवतात का, हे पुन्हा तपासावं लागतं. निवडलेल्या पेशी मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात.

एवढं करून धोका संपतो का?

नाही. जून २००९ मध्ये बॉस्टनमधल्या जेन्झाइमच्या कारखान्यात सीएचओ पेशींना ‘वेसिव्हायरस २११७’ची लागण झाली. हा विषाणू माणसाला आजारी पाडतो असं आढळलेलं नाही, पण पेशींची वाढ खुंटली आणि उत्पादन थांबवावं लागलं. गोशे आणि फॅब्री या दुर्मीळ आजारांच्या औषधांचा जगभर तुटवडा झाला. आयुष्यभर ही इंजेक्शनं लागणाऱ्या अनेक रुग्णांना कमी डोसवर दिवस काढावे लागले.