आपल्या शाळेत नसलेल्या एका मंडळाचा इतिहास

आपल्या शाळेत मंडळांना तोटा नव्हता. विज्ञान मंडळ होतं, वाङ्मय मंडळ होतं, आरएसपी होतं, गाईड होतं. हस्तलिखित काढणाऱ्यांचा वेगळाच तोरा असायचा. या सगळ्यांविषयी स्मरणिकेत इतर जण लिहितीलच. मी लिहिणार आहे ते आपल्या शाळेत कधीच नसलेल्या एका मंडळाविषयी. गेल्या पस्तीस-छत्तीस वर्षांत ते जगातल्या असंख्य शाळांत उभं राहिलं. त्याला 'गे-स्ट्रेट अलायन्स' म्हणतात. समलिंगी आणि भिन्नलिंगी विद्यार्थ्यांनी मिळून चालवलेलं मंडळ, एवढाच त्याचा अर्थ.

विषय वाचून काहींच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. पण मित्रमैत्रिणींनो, हा विषय आपल्याला परका नाही. मधल्या सुट्टीत 'बायल्या' आणि 'छक्का' या हाका कुणाला मारल्या जायच्या, हे प्रत्येक बॅचला ठाऊक आहे. प्रत्येक बॅचमध्ये असा एकतरी होता. आमच्या बॅचमधला मुलगा अक्षराने वर्गात सगळ्यांत सुरेख होता, फळ्यावरचे सुविचार तोच लिहायचा. तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही, मेळाव्याच्या आमंत्रणालाही त्याचं उत्तर आलेलं नाही. तो समलिंगी होता की नाही, हे मला माहीत नाही आणि ते महत्त्वाचंही नाही. ती हाक मारणाऱ्यांनाही ते माहीत नव्हतंच.

एका विद्यार्थिनीने सुचवलेलं नाव

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉन्कर्ड अकॅडमी नावाची शाळा आहे. तिथे केव्हिन जेनिंग्स हे तरुण शिक्षक इतिहास शिकवायचे. १९८८ साली त्यांनी शाळेच्या सभेत, सगळ्या मुलांसमोर, आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. त्यानंतर एक विद्यार्थिनी त्यांच्याकडे आली. ती स्वतः भिन्नलिंगी होती, पण तिची आई समलिंगी होती, आणि शाळेत कानावर पडणारे शेरे ऐकून ती वैतागली होती. आपण यावर काम करणारं मंडळ काढू, असं तिने सुचवलं. नाव काय ठेवायचं, यावर तिचं म्हणणं सरळ होतं : तुम्ही गे आहात, मी स्ट्रेट आहे, दोघांचं मिळून नाव ठेवू. या नावाचं शाळेतलं पहिलं मंडळ ते हेच मानलं जातं.

समलिंगी विद्यार्थ्यांना आधार देण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स हायस्कूलमध्ये व्हर्जिनिया उरिबे या शिक्षिकेने १९८४ मध्ये 'प्रोजेक्ट टेन' नावाचा समुपदेशनाचा उपक्रम सुरू केला होता. पण कॉन्कर्डच्या रचनेत एक नवी गोष्ट होती आणि माझ्यातल्या इंजिनिअरला तिचं फार कौतुक वाटतं. मंडळ सगळ्यांचं असल्यामुळे तिथे जाणारा मुलगा कोण, याचा पत्ता बाहेरच्यांना लागत नाही. तो स्वतः समलिंगी असेल, त्याचा भाऊ असेल, त्याची मैत्रीण असेल, किंवा नुसतीच कुणाची तरी छळवणूक न बघवणारा असेल. फक्त समलिंगी मुलांचं मंडळ काढलं असतं, तर दारातून आत पाऊल टाकणं म्हणजेच जाहीर कबुली ठरली असती, आणि ज्याला गरज जास्त तोच बाहेर राहिला असता. नावातला 'स्ट्रेट' हा शब्द त्या मुलासाठी आडोसा आहे.

पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी १९९२ मध्ये समलिंगी तरुणांच्या प्रश्नांसाठी आयोग नेमला. ते रिपब्लिकन, म्हणजे तिथल्या उजव्या पक्षाचे होते. आयोगासमोर शाळकरी मुलांनी स्वतः साक्षी दिल्या. १९९३ च्या डिसेंबरात त्या राज्यात सरकारी शाळांमधल्या समलिंगी विद्यार्थ्यांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा झाला.

सॉल्ट लेक सिटीचा हट्ट

सगळीकडे असं सुरळीत झालं नाही. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीमध्ये ईस्ट हायस्कूल आहे. १९९५ मध्ये तिथल्या केली पीटरसन या विद्यार्थिनीने आणि तिच्या सोबत्यांनी असंच मंडळ मागितलं. शिक्षण मंडळापुढे पेच होता. १९८४ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार, शाळेने अभ्यासक्रमाबाहेरच्या एका मंडळाला परवानगी दिली, तर दुसऱ्याला त्याच्या विचारांमुळे नाकारता येत नाही. गंमत म्हणजे तो कायदा झाला होता तो शाळांमध्ये बायबल अभ्यास मंडळांना जागा मिळावी म्हणून, आणि त्याच्या पुरस्कर्त्यांमध्ये युटाचेच सिनेटर ऑरिन हॅच होते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये शिक्षण मंडळाने तोडगा काढला : अभ्यासक्रमाशी थेट संबंध नसलेली सगळीच मंडळं बंद! एका मंडळाला नाही म्हणण्यासाठी साऱ्या गावच्या मुलांची मंडळं गेली. मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली, खटले झाले, आणि २००० साली मंडळाने आपला निर्णय मागे घेतला. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की शाळेत दहा-पंधरा मुलांनी आठवड्यातून एकदा एका खोलीत बसून बोलणं मोठ्यांना किती धोक्याचं वाटू शकतं, ते यात दिसतं.

तेव्हा आपण काय वाचत होतो?

ही भांडणं तिकडे चालू होती तेव्हा आम्ही इकडे दहावीच्या अपेक्षित प्रश्नसंचात बुडालो होतो. पण मुंबईत काहीच घडत नव्हतं असं नाही. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं होतं. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला आणि सांताक्रूझला वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत त्याचं काम चालू लागलं. भांडुपहून ती जागा फार तर तासाभराच्या अंतरावर, पण सिएट आणि जीकेडब्ल्यूच्या कामगारांच्या घरांपर्यंत तिची वार्ता पोचली नव्हती.

मराठीतही शब्द अगदीच नव्हते असं नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्येच रंगभूमीवर आलं होतं. त्याची नायिका मित्रा ही कॉलेजात जाणारी, मुलीवर प्रेम करणारी मुलगी. आपल्या पिढीला जास्त जवळचं वाटेल असं नाव बिंदुमाधव खिरे यांचं. अमेरिकेत सॉफ्टवेअरची नोकरी करून ते पुण्याला परतले आणि २००२ मध्ये त्यांनी समपथिक ट्रस्ट काढला. 'पार्टनर' सारखी पुस्तकं त्यांनी मराठीत लिहिली, कारण पुण्या-मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या वर्तुळाबाहेरच्या मुलांना वाचायला काही नव्हतं. आपल्याला शाळेत या विषयाचे जे दोन-चार शब्द माहीत होते, ते सगळे शिव्या होते. ज्या मुलाला स्वतःविषयी काही कळू लागलं असेल, त्याला स्वतःसाठी पहिला शब्द मिळाला तोही शिवी म्हणूनच.

शेजारच्या पवईत

यात आपल्याला सगळ्यांत जवळचा प्रयोग झाला तो शेजारच्या पवईत. आयआयटी मुंबईमध्ये २०११ साली विद्यार्थ्यांनी 'साथी' हा गट सुरू केला. वेळ लक्षात घ्या. १८६० च्या भारतीय दंड विधानातलं कलम ३७७ समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होतं. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं. त्या मोकळिकीत साथी जन्मला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि तीच मुलं एका दिवसात पुन्हा कायद्याच्या नजरेत संभाव्य गुन्हेगार झाली. तरीही गट टिकला. दुसऱ्या आयआयटींमध्येही असे गट उभे राहिले. मे २०१८ मध्ये निरनिराळ्या आयआयटींच्या वीस आजी-माजी विद्यार्थ्यांनी आपली खरी नावं देऊन सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जो निकाल दिला, त्यात ही याचिकाही होती.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जीव टाकणारी आपल्यासारखीच ही मुलं. सही करताना त्यांच्या मनात कॅम्पस मुलाखतींचा, घरच्यांचा, गावाचा विचार आलाच असणार. आज आमच्या आयटी कंपन्यांमध्ये असे गट अधिकृतपणे चालतात, मनुष्यबळ विभाग त्यांना खोली आणि निधी देतो. मी आमच्या कंपनीतल्या गटाची सभासद आहे, अलायन्समधल्या 'स्ट्रेट' बाजूची. पण हे सोपं झालं ते कुणीतरी आधी अवघड काम केलं म्हणून.

शाळा मात्र मागेच

कॉलेजं आणि कंपन्या पुढे गेल्या, शाळा तिथेच राहिल्या. ठळक अपवाद दिल्लीतल्या टागोर इंटरनॅशनल स्कूलचा. २०१३ च्या सुमारास तिथल्या विद्यार्थ्यांनी शिक्षिकेच्या मदतीने 'ब्रेकिंग बॅरिअर्स' हा उपक्रम सुरू केला आणि इतर शाळांतही जाऊन कार्यशाळा घेतल्या.

आपल्या राज्याची गोष्ट वेगळी. २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या साहित्यावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्र सरकारने शाळांमधलं लैंगिक शिक्षणच थांबवलं. जिथे प्रजननाचा धडा शिक्षक 'घरी वाचा' म्हणून पुढे ढकलतात, तिथे हा विषय कोण काढणार? २०२१ मध्ये दोन परस्परविरोधी गोष्टी घडल्या. जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी शाळांमध्ये आणि पालकसभांमध्ये या विषयाची जाणीव करून द्यावी, असं सुचवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस पारलिंगी मुलांच्या शालेय समावेशनाविषयी एनसीईआरटीने तयार केलेली शिक्षकांसाठीची पुस्तिका, आक्षेप येताच संकेतस्थळावरून काढली गेली. पारलिंगी व्यक्तींविषयीचा २०१९ चा कायदा मात्र शिक्षणसंस्थांना भेदभाव न करण्याचं बंधन घालतो, आणि त्या संस्थांत आपली शाळाही येते.

मंडळ चालतं कसं

या मंडळांचे नियम थोडे आणि साधे असतात. एक विश्वासातले शिक्षक, एक ठरलेला वार, एक खोली. कुणालाही 'तू कोण' हे विचारायचं नाही. खोलीत बोललेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मात्र शिक्षकांनी गप्प बसायचं नाही. काम म्हणाल तर चर्चा, पोस्टर, एखादा चित्रपट, आणि चिडवाचिडवीविरुद्ध मोहीम. जोड्या जुळवण्याचं हे ठिकाण नव्हे. तसा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा विज्ञान मंडळातल्या जोड्यांचाही हिशेब करावा.

सुरू करण्यापेक्षा चालवणं अवघड. मुलं दर वर्षी पुढे जातात. शिक्षकांची बदली झाली, ते निवृत्त झाले, की मंडळ विस्कटतं. म्हणून जी टिकली, ती नववीच्या मुलांना दहावीच्या आधीच हाताशी धरणारी आणि दोन शिक्षकांवर उभी असलेली. अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये सातत्याने दिसतं, की जिथे असं मंडळ आहे तिथे अपशब्द कमी ऐकू येतात आणि मुलांना शाळा जास्त सुरक्षित वाटते. जी मुलं मंडळात कधी पाऊलही टाकत नाहीत, त्यांनाही भिंतीवरचा तो कागद दिसतो.

हे परदेशी खूळ आहे, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं, की आपल्याला त्याची गरज जास्त आहे. तिकडच्या मुलाला घरी निदान स्वतःची खोली असते. टेंभीपाड्यात, कोकणनगरात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात. तिथे मनातलं बोलायला तर सोडाच, रडायलाही जागा नसते. अशा मुलाला घराबाहेरचा एकच भरवशाचा माणूस असतो, तो म्हणजे त्याच्या सर किंवा बाई. आपल्याला असे शिक्षक लाभले होते. फीसाठी पैसे नसणाऱ्यांची फी कुणी भरली, हे त्यांनी कधी कळू दिलं नाही. तीच माया याही मुलांपर्यंत पोचावी, एवढंच मागणं आहे.

माजी विद्यार्थी संघाने यंदा शाळेला संगणक कक्षासाठी निधी दिला, आनंद आहे. मेळाव्यानंतरच्या बैठकीत मी आणखी तीन गोष्टी मांडणार आहे : आठवड्यातून दोन दिवस येणारा समुपदेशक, शिक्षकांसाठी या विषयावरचं एक दिवसाचं शिबिर, आणि 'बायल्या' ही हाक शिस्तभंग मानणारा एका ओळीचा नियम. मंडळ लगेच नको. ते मुलांनी मागायचं असतं, वरून लादायचं नसतं. पण कुणी मागितलंच, तर त्यांना खोली मिळायला हवी. समुपदेशकाच्या पहिल्या वर्षाच्या मानधनातला माझा वाटा मी समितीकडे कळवला आहे. ज्यांना सोबत यायचं आहे, त्यांनी बैठकीला थांबावं. आणि ज्यांच्याकडे सुंदर अक्षराच्या आपल्या त्या मित्राचा नवा नंबर असेल, त्यांनी तो मला देऊ नये. आधी त्याला विचारावं, त्याला द्यावासा वाटतो का.