क्रीम सोड्यातले क्रीम

लहानपणी सणाचे जेवण अंगावर आले की आजी पेलाभर पाण्यात लिंबू पिळायची, साखर विरघळवायची आणि शेवटी चिमूटभर खायचा सोडा टाकून पेला हातात द्यायची. "फेस आहे तोवर पिऊन टाक," एवढीच तिची सूचना. पुढे जत्रेत गोटीच्या बाटलीतला क्रीम सोडा प्यायलो, तेव्हा या दोन पेयांचे काही नाते असेल असे मनातही आले नाही. काही वर्षांपूर्वी तर एका व्याख्यानात मी सांगून मोकळा झालो, की क्रीम सोडा हे कारखान्याचे अपत्य आणि त्यातले 'क्रीम' म्हणजे व्हॅनिलाचा वास. ही दोन्ही विधाने चुकीची होती. त्यांची दुरुस्ती करणे मला भाग आहे.

पाण्यात वायू मुरवण्याची विद्या त्याआधीची. इंग्लंडमधील लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ साली शेजारच्या बिअरच्या भट्टीतला वायू पाण्यात उतरवून पाहिला आणि १७७२ साली खडूवर आम्ल ओतून तो तयार करण्याची कृती छापली. पण त्यासाठी उपकरण लागे. स्वयंपाकघराला त्याहून जवळची वाट होती. सोडा आणि आम्ल पेल्यातच एकत्र करायचे.

अमेरिकेतील 'मिशिगन फार्मर' या शेतकऱ्यांच्या पत्रात १८५२ साली ई. एम. शेल्डन या नावाने क्रीम सोड्याची कृती आली, ती याच वाटेची. पाणी, साखर, टार्टारिक आम्ल (आपल्या चिंचेच्या आंबटपणाचे मुख्य कारण हेच आम्ल), क्रीम ऑफ टार्टर, एप्सम सॉल्ट, अंडे आणि दूध एकत्र तापवायचे, निववायचे आणि प्यायच्या वेळी पाण्यात घालून वर पाव चमचा खायचा सोडा टाकायचा. यात व्हॅनिला नाही.

पुढे २७ जून १८६५ रोजी न्यू जर्सीच्या अलेक्झांडर हॉवेल यांनी 'क्रीम सोडा-वॉटर'चे पेटंट घेतले. त्यांच्या कृतीत सोडा, साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि गव्हाचे पीठ आहे. आम्ल आयत्या वेळी घालायचे. स्वाद मात्र ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडला आहे : लिंबाचे तेल, व्हॅनिला किंवा अननस.

दोन्ही कृती शेजारी ठेवल्या आणि माझी चूक मला दिसली. व्हॅनिला पहिलीत नाही, दुसरीत ऐच्छिक आहे. दूध आणि क्रीम ऑफ टार्टर दुसरीत नाहीत. साखर, सोडा आणि आम्ल तर कुठल्याही घरगुती सरबताला फसफसवतील. उरते ते अंडे. माझ्या मते 'क्रीम' म्हणजे अंड्याने धरून ठेवलेला सायीसारखा फेस.

अंड्याची गरज का पडली, हे हिशेबाने कळते. पाव चमचा म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम सोडा. पुरेसे आम्ल मिळाले तर त्यातून सुमारे ३५० मिलिलिटर वायू सुटतो. आपल्याकडच्या हवेत, उघड्या पेल्यातले पाणी स्वतःच्या आकारमानाइतकाही वायू धरू शकत नाही. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यातून बराचसा वायू उडूनच जाणार. मी दोन पेले करून पाहिले. नुसत्या पेल्यातला फेस बघता बघता बसला. फेटलेला बलक घातलेल्या पेल्यावर मात्र दाट थर टिकून राहिला. बुडबुड्यांभोवती प्रथिनांची पातळ भिंत तयार होते, तिचा हा गुण.

मग अंडे गेले कुठे? ते बाटलीने घालवले. इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी १८७२ साली पेटंट घेतलेली गोटीची बाटली उलटी धरून भरत; सरळ केली की आतल्या वायूच्याच दाबाने गोटी रबरी कड्याला घट्ट बसे. वायू कोंडता आला, तशी अंड्याची आणि पिठाची गरज संपली. त्याच सुमारास, १८७४ साली, जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी व्हॅनिलिन प्रयोगशाळेत बनवले आणि व्हॅनिलाचा स्वाद स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला. अंड्याने रिकामी केलेली जागा पुढे व्हॅनिलाने घेतली. नाव मात्र जुनेच राहिले.

पुण्यात अर्देशीर (१८८४) आणि मुंबईत ड्यूक्स (१८८९) या पारशी कंपन्या निघाल्या, त्या या बाटलीच्या काळात. म्हणून आपल्याला क्रीम सोडा भेटला तो बाटलीबंद, आणि शाकाहारी घरांतही तो बिनदिक्कत प्यायला गेला. कंपन्यांची स्थापनेची सालं पाटीवर कोरलेली असतात, त्यामुळे इतिहास तिथूनच सुरू होतो असे माझ्यासारख्याला वाटते. पाव चमच्याचे माप मात्र कुठल्या पाटीवर नसते. ते एखाद्या शेतकी पत्राच्या कोपऱ्यात सापडते, नाहीतर आजीच्या चिमटीत.

आता घरी पाहुणे आले की मी लिंबू, साखर, दोन थेंब व्हॅनिला आणि शेवटी चिमूटभर सोडा असा पेला देतो. अंडे घालत नाही. त्यामुळे सूचना तीच द्यावी लागते : फेस आहे तोवर पिऊन टाका.