विद्युत् रोध व शक्ती : दाब आणि प्रवाह यांवरून गणन

उपकरणाच्या दोन टोकांमधला विद्युत् दाब आणि त्यातून वाहणारा प्रवाह ही दोन मापे हाती असली, की रोध भागाकाराने आणि शक्ती गुणाकाराने निघते. दाब व्होल्टमध्ये व प्रवाह अँपिअरमध्ये घेतल्यास दाब ÷ प्रवाह = रोध (ओहम) आणि दाब × प्रवाह = शक्ती (वॅट). यांतून शक्तीची आणखी दोन रूपे मिळतात : प्रवाहाचा वर्ग × रोध आणि दाबाचा वर्ग ÷ रोध. शाळेत ही सूत्रे एका दमात पाठ होतात, पण ती सारख्या अधिकाराची नाहीत. भागाकार केव्हाही करता येतो. दाब बदलला तरी त्याचे उत्तर बदलत नाही, हे सांगतो तो ओहमचा नियम, आणि तो सगळ्याच वस्तू पाळत नाहीत.

पाणी तापवायचा रॉड तो बऱ्यापैकी पाळतो, कारण त्यातल्या नायक्रोम तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. २३० व्होल्टला १,५०० वॅटचा रॉड सुमारे ६.५ अँपिअर घेतो. म्हणूनच त्याला ६ अँपिअरचा लहान सॉकेट चालत नाही, १६ अँपिअरचा लागतो. त्याचा रोध २३० ÷ ६.५, म्हणजे ३५ ओहमच्या थोडा वर. आता संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आले असे धरू. दाब २२ टक्क्यांनी घटला, पण शक्ती दाबाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती सुमारे ९२० वॅटवर, म्हणजे जवळजवळ ३९ टक्क्यांनी खाली येते. २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंश सेल्सिअसवर न्यायला, बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली तर, आधी २३ मिनिटे पुरत. आता ३८ लागतात.

टंगस्टनच्या जुन्या बल्बची गोष्ट वेगळी. २३० व्होल्ट, ६० वॅट असे छापलेल्या बल्बचा रोध सूत्राने ८८२ ओहम येतो. मल्टिमीटरने गार बल्ब मोजला तर साठ-सत्तरच्या आसपास आकडा दिसतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. तार पांढरी होईपर्यंत तापली की तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. बटण दाबताच बल्ब उडण्याचे कारणही हेच : पहिल्या क्षणी गार तारेतून नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह धावतो.

गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) कोलोनमध्ये शिक्षक होते. १८२५ मध्ये व्होल्टाच्या घटावर केलेले त्यांचे पहिले प्रयोग फसले. घटाचा दाबच स्थिर राहत नव्हता, त्यामुळे सूत्रही चुकीचे निघाले. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी मग बिस्मथ आणि तांबे यांचे तापविद्युत् युग्म घेतले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. त्यामुळे दाब हलत नसे. सारख्या जाडीच्या पण वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून प्रवाह चुंबकसूचीने मोजला. त्यावरचे पुस्तक १८२७ मध्ये बर्लिनला निघाले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले तोवर १८४१ उजाडले होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे प्रसिद्ध केले.

जूल यांच्या या वर्गाची झळ घरात सैल सॉकेटला बसते. वरच्या रॉडच्या वाटेत सॉकेटच्या पत्तीशी अर्धा ओहम रोध असेल, तर ६.५ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे २१ वॅट उष्णता त्या टिचभर जागेत साठते. लहान सोल्डरिंग आयर्नची शक्ती एवढीच असते. दाबातली घट मात्र जेमतेम सव्वातीन व्होल्टची. पाणी नेहमीसारखेच तापते, त्यामुळे प्लास्टिक पिवळे पडून वास येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

मोजताना व्होल्टमीटर समांतर आणि अँमीटर एकसरीत जोडतात. रोध लहान असेल तर व्होल्टमीटर थेट त्याच्या टोकांना लावावा. रोध फार मोठा असेल तर अँमीटर व्होल्टमीटरच्या आतल्या बाजूस घ्यावा, नाहीतर व्होल्टमीटर स्वतः घेत असलेला प्रवाहही हिशेबात शिरतो. मल्टिमीटरने रोध मोजायचा तर आधी वीज बंद करणे भागच आहे.

मोटारीपाशी मात्र हे गणित साफ घसरते. ४१५ व्होल्टवर ७.५ अँपिअर घेणाऱ्या ५ अश्वशक्तीच्या तीन फेज पंपाला नुसता गुणाकार लावला तर ३,११३ वॅट येतात. मोटार दांड्यावर देते ते ३,७३० वॅट, म्हणजे घेते त्यापेक्षा जास्त! तीन फेजसाठी १.७३ ने आणि प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो म्हणून पॉवर फॅक्टरने गुणावे लागते. पॉवर फॅक्टर ०.८ धरल्यास उत्तर सुमारे ४,३०० वॅट येते. भागाकारही रोध देत नाही. बंद मोटारीचे गुंडाळे मीटरवर काही ओहमच दाखवते. चालत्या मोटारीतला प्रवाह गुंडाळ्यातले चुंबकीय क्षेत्र आणि दांड्यावरचा भार ठरवतात.

त्यामुळे व्होल्टेज पडले की रॉड कमी प्रवाह घेतो, भार ओढणारी मोटार उलट जास्त घेते. दाब ३३० वर आला आणि प्रवाह साडेनऊ अँपिअरवर गेला, तर गुंडाळ्यातली उष्णता दीडपटीहून वाढते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले हा प्रवाहच बघतो. त्याची खूण मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावायची असते. सारखा ट्रिप होतो म्हणून ती वर सरकवून ठेवली, की मोटार रिवाइंडिंगला जाते.