दांत, बळ आणि पहारा

आमच्या कवींनीं कुंदाच्या कळ्या आणि डाळिंबाचे दाणे यांच्या उपमा देऊन दंतपंक्तीचें वर्णन करण्यांत कधींच कसूर केली नाहीं. परंतु ज्यांच्या तोंडांत ही पंक्ति मोडलेली असते त्यांच्याविषयीं काव्यानें बहुधा मौनच धरलें आहे. घरांतील वडील मंडळींनीं मात्र तें धरलेलें नाहीं. मुलाचा, आणि त्याहूनहि मुलीचा, पुढें आलेला दांत हा कुटुंबांत चिंतेचा विषय होऊन बसतो. आणि हंसतांना तोंडावर हात धरण्याची संवय कांहीं मुलींस कशी जडते हें आम्हीं वर्गांत अनेक वर्षें पाहिलेलें आहे. या चिंतेस अलीकडे एक नवें उत्तर मिळूं लागलें आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचे पातळ साचे दांतांवर बसवावयाचे, जेवतांना काढून ठेवावयाचे आणि दर एकदोन आठवड्यांनीं बदलावयाचे. तारा नाहींत, धातूच्या टिकल्या नाहींत, समोरच्यास कांहीं कळतहि नाहीं. हा शोध अगदीं आजचा असें पुष्कळांस वाटतें. पण त्याचा माग काढीत गेलें असतां असें दिसून येतें कीं, दांत सरळ करण्याच्या विद्येंत पहिल्यापासून दोनच प्रश्न पुनःपुन्हा उभे राहिले आहेत. दांतास सरकविण्यासाठीं बळ किती लावावें, हा पहिला; आणि तें बळ रोजच्या रोज लागत आहे कीं नाहीं यावर पहारा कोणीं ठेवावा, हा दुसरा.

ख्रिस्ती सनाच्या पहिल्या शतकांत सेल्सस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें वैद्यकावर आठ भागांचें पुस्तक लिहिलें. त्यांत तो सांगतो कीं, दुधाचा दांत पडण्यापूर्वींच त्याच्याजवळ कायमचा दांत उगवला तर दुधाचा दांत काढून टाकावा, आणि नवा दांत आपल्या जागीं येईपर्यंत त्यास रोज बोटानें ढकलीत जावें. उपाय अगदीं साधा आहे. बळ बोटाचें, म्हणजे सौम्य. आणि पहारा घरच्यांचा.

यानंतर सुमारें सतरा शतकांनीं, १७२८ सालीं, पॅरिस येथें पिएर फोशार याचा दंतवैद्यकावरील दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दांत सरळ करण्यासाठीं त्यानें धातूची एक वांकविलेली पट्टी वर्णिली आहे. पट्टीस भोंकें असत, त्यांतून दोरा ओंवून वांकडा दांत तिच्याशीं बांधीत, आणि दोऱ्याच्या ताणानें तो हळूहळू पट्टीकडे ओढला जाई. परंतु याच फोशारानें दुसरीहि एक रीत सांगितली आहे. चिमट्यानें दांत धरून त्यास एका बैठकींतच बळानें जागेवर आणावयाचें, आणि मग शेजारच्या दांतांशीं बांधून ठेवावयाचें! एकाच मनुष्याच्या हातून धीराचा मार्ग आणि घाईचा मार्ग हे दोन्ही एकदम पुढें यावेत, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. कारण दांत सरकतो म्हणजे काय होतें, हेंच त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें.

तें कळावयास विसावें शतक उजाडावें लागलें. दांत हा भिंतींत ठोकलेल्या खुंटीप्रमाणें हाडांत घट्ट बसलेला नसतो. त्याचें मूळ व जबड्याचें हाड यांच्यामध्यें तंतूंचा एक थर असतो. त्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यानें कुत्र्यांच्या दांतांवर प्रयोग करून १९०४ सालीं दाखवून दिलें कीं, ज्या बाजूस दाब पडतो त्या बाजूचें हाड विरघळतें, आणि ज्या बाजूस ताण पडतो त्या बाजूस नवें हाड बनतें. दांत हाडांतून रेटला जात नाहीं. हाडच त्याला वाट करून देतें आणि त्याच्या मागें ती वाट बुजवून टाकतें. पण दाब फार झाला तर त्या थरांतील रक्तप्रवाह कोंडतो, पेशी मरतात, आणि काम उलट अडून बसतें. ऑस्ट्रियाच्या श्वार्ट्झनें १९३२ सालीं या बळाचें माप सांगितलें: दर चौरस सेंटिमीटरास २० ते २६ ग्रॅम, म्हणजे सूक्ष्म केशवाहिन्यांतील रक्ताच्या दाबाइतकेंच. पुढें या आंकड्याविषयीं वाद झाले, तरी त्यांतील तत्त्व टिकलें. सेल्ससचें बोटच बरोबर होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं. थेंबें थेंबें तळें सांचतें, तसाच दांतहि तिळातिळानें सरकतो.

आतां दुसरा प्रश्न. अमेरिकेंतील एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) हा या विद्येचा खरा संस्थापक मानला जातो. १८९९ सालीं वरच्या पहिल्या मोठ्या दाढेचा आधार घेऊन त्यानें दंतपंक्तीच्या बिघाडाचे तीन वर्ग पाडले. ते आजहि शिकविले जातात. १९०० सालीं त्यानें सेंट लुई येथें या विषयाची स्वतंत्र शाळा काढली, आणि १९२५ सालीं चौकोनी खांचेंत चौकोनी तार बसविण्याची युक्ति पुढें आणली. तिच्यामुळें दांताचा माथाच नव्हे तर मूळहि हवें तसें वळवितां येऊं लागलें. ही तार दांतांवर पक्की बसविलेली असे. रुग्णाच्या मनांत आलें तरी त्यास ती काढतां येत नसे. पहारा घरच्यांच्या हातून वैद्याच्या हातीं गेला, हाच या बदलाचा खरा अर्थ होय.

परंतु पहारेकरीच चुकला तर? अँगलचा असा कडक आग्रह असे कीं, निसर्गानें दिलेले सगळे दांत राखलेच पाहिजेत. जागा करण्यासाठीं एकहि दांत काढतां कामा नये. शिकागोच्या कॅल्व्हिन केस यानें १९११ सालीं याविरुद्ध वाद मांडला, पण त्या वेळीं सरशी अँगलच्या पक्षाची झाली. तो वाद पुन्हा उघडला तो अँगलच्याच एका निष्ठावंत शिष्यानें. ॲरिझोनांतील चार्ल्स ट्वीड यानें गुरूच्या आज्ञेप्रमाणें उपचार केलेल्या आपल्या रुग्णांस पुन्हा तपासलें, तेव्हां पुष्कळांचे दांत फिरून वांकडे झालेले आणि ओठ पुढें आलेले त्यास आढळले. त्यानें ही गोष्ट झांकली नाहीं. उपदाढा काढून त्यानें अशा रुग्णांवर दुसऱ्यांदा उपचार केले, आणि १९४० सालीं शिकागोच्या परिषदेंत शंभर रुग्णांचे दोन्ही वेळचे पुरावे समव्यवसायी लोकांपुढें मांडून ठेवले. पुढें कांहीं दशकें दांत काढण्याचाच अतिरेक झाला हें खरें. पण आपल्या हातच्या शंभर चुका ओळीनें मांडून दाखविणारा मनुष्य कोणत्याहि शास्त्रांत विरळाच.

ट्वीडच्या या प्रदर्शनानंतर पांच वर्षांनीं, १९४५ सालीं, अमेरिकेंतच हॅरोल्ड केस्लिंग यानें एका नव्या साधनाची माहिती प्रसिद्ध केली. रुग्णाच्या दांतांचा प्लॅस्टरचा नमुना घ्यावयाचा, त्यांतील दांत करवतीनें सुटे करून मेणांत इष्ट जागीं बसवावयाचे, आणि त्यावरून रबराचा साचा करून तो रुग्णास घालावयास द्यावयाचा. तारा काढल्यावर राहिलेला थोडासा फरक भरून काढणें, एवढेंच त्या साच्याचें काम होतें. पण असे अनेक साचे ओळीनें वापरले तर मोठी हालचालहि साधेल, हें केस्लिंगनें तेव्हांच ओळखलें होतें. अडचण एवढीच कीं, इतके नमुने हातानें कापणार कोण? ती अडचण संगणकानें दूर केली. १९९७ सालीं झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डच्या दोघां विद्यार्थ्यांनीं कॅलिफोर्नियांत अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली, आणि पुढील वर्षीं तेथील सरकारी औषधखात्यानें त्यांच्या ‘इनव्हिजलाइन’ला परवानगी दिली. संगणक दांतांचा सारा प्रवास लहान लहान पायऱ्यांत विभागतो. प्रत्येक पायरीचा नमुना यंत्रावर छापला जातो, आणि त्यावर तापवून मऊ केलेली प्लॅस्टिकची चादर ओढून साचा तयार होतो. एक साचा दांतास सामान्यतः पाव मिलिमीटरच्या आंतच सरकवितो, म्हणजे जवळजवळ त्या तंतूंच्या थराच्या जाडीइतकेंच! पहिल्या प्रश्नाचें उत्तर या साच्यांत जणूं ओतूनच ठेवलेलें आहे.

पण दुसरा प्रश्न फिरून उघडा पडला. साचा दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडांत असावा लागतो. आणि जें काढतां येतें तें विसरतांहि येतें. डब्याच्या सुटींत कागदांत गुंडाळून ठेवलेला साचा कागदाबरोबरच केराच्या टोपलींत जावा, हा प्रकार नवा नाहीं. गोल सुळे फिरविणें किंवा मुळें सरळ करणें यांसारख्या कामांत साच्यास दांतांवर चिकटविलेल्या लहान उंचवट्यांची मदत लागते, आणि कांहीं प्रसंगीं तारच बरी ठरते. हें ठरविण्यास जाणत्याची नजर हवी. ती नजरच मधून काढून टाकावी, घरबसल्या ठसे मागवावे आणि साचे टपालानें पाठवावे, असा व्यापार करूं पाहणारी स्माइल डायरेक्ट क्लब ही अमेरिकन कंपनी २०१४ सालीं निघाली. सप्टेंबर २०२३ मध्यें तिनें दिवाळें जाहीर केलें आणि डिसेंबरांत ती बंद पडली. ज्यांचे उपचार अर्ध्यावर होते त्यांस स्थानिक दंतवैद्याकडे जाण्यास सांगण्यांत आलें. ज्या नजरेचा खर्च वांचवावयाचा होता, तिच्याच दारांत शेवटीं त्यांस जावें लागलें.

दांत सरळ झाल्यावरहि ते मागें फिरूं पाहतात; म्हणून रिटेनर पुष्कळ काळ, कधीं कधीं जन्मभर, रात्रीं घालावा लागतो. तेव्हां आपल्या मुलामुलींसाठीं हा उपचार निवडणाऱ्या वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, साधन लोकांस दिसेल कीं नाहीं हें विचारण्यापूर्वीं त्यावर लक्ष कोण ठेवणार हें विचारावें. वैद्यानें दरमहा पाहिलें तरी मधले एकोणतीस दिवस घरचेच असतात. सेल्ससनें बोटानें दांत ढकलण्याचें काम ज्यांच्यावर सोंपविलें, त्यांच्याच हातीं हें नवें यंत्र दोन हजार वर्षांनीं परत आलें आहे.