सभास्थळाची निवड : चंद्रपूर-गडचिरोली परिसराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

परिषद, संमेलन अथवा प्रशिक्षण शिबिर यांचा वृत्तान्त लिहिताना अध्यक्ष, वक्ते, ठराव व उपस्थिती यांची नोंद आवर्जून केली जाते. परंतु तो कार्यक्रम त्याच ठिकाणी का भरला, याचा विचार क्वचितच होतो. स्थळनिश्चिती ही व्यवस्थापन समितीची बाब समजली जाते. निवास, भोजन, सभागृहाची क्षमता आणि रेल्वेस्थानकापासूनचे अंतर एवढ्यावर हा प्रश्न निकालात निघतो. वास्तविक स्थळ ठरताच तेथे कोण पोहोचू शकेल, कोणत्या भाषेत बोलले जाईल आणि कोणाचा इतिहास समोर येईल, हेही बऱ्याच अंशी ठरून जाते. प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील काही उदाहरणांच्या आधारे स्थळनिवडीमागील विचारांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

चंद्रपूर ही गोंड राजवटीची राजधानी. परंपरेनुसार खांडक्या बल्लाळशहा याने बल्लारपूरहून राजधानी येथे आणली आणि नगराभोवती परकोटाची उभारणी आरंभिली. पुढील पिढ्यांनी पूर्ण केलेला हा परकोट सुमारे साडेसात मैल लांबीचा असून जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा हे त्याचे चार मुख्य दरवाजे होत. इरई आणि झरपट या नद्यांच्या सान्निध्यात वसलेले हे नगर पुढे भोसल्यांच्या व १८१८ च्या वेढ्यानंतर इंग्रजांच्या प्रभावाखाली गेले. चांदा हे नाव जाऊन १९६४ मध्ये चंद्रपूर हे नाव रूढ झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. ही शेवटची तारीख पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

या परिसरात लोक एकत्र येण्याची सर्वांत जुनी स्थळे कोणा समितीने निवडलेली नाहीत. चैत्रात चंद्रपूरच्या महाकाली मंदिरात भरणाऱ्या यात्रेस मराठवाड्यातूनही भाविक येतात. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी असलेल्या मार्कंडा येथे महाशिवरात्रीस यात्रा भरते. नदी, दैवत आणि तिथी या तिन्हींनी तेथील स्थळ व काळ निश्चित केला आहे. निमंत्रणपत्रिकेविना भरणाऱ्या या मेळाव्यांत जागेचा आणि जमलेल्यांचा संबंध आधीच जुळलेला असतो. आधुनिक परिषदेस मात्र हा संबंध जाणीवपूर्वक जुळवावा लागतो.

इतिहासाधारित निवड : १९५६

स्थळाची निवड विचारपूर्वक करून तिची कारणमीमांसा जाहीरपणे मांडल्याचे ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या धर्मांतराचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी कुशीनाराचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का, या प्रश्नाचे सविस्तर उत्तर दिले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय तेथे असल्यामुळे हे शहर निवडले, हा तर्क त्यांनी नाकारला आणि बौद्ध धम्माच्या प्रसारात नाग लोकांनी बजावलेल्या भूमिकेशी व नाग नदीशी या भूमीचा संबंध जोडला. ज्यांना इतिहासात स्थान नाकारले गेले, त्यांचा त्या भूमीवरील पूर्वापार हक्क स्थळनिवडीतूनच मांडण्यात आला.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे दीक्षेचा दुसरा मोठा सोहळा झाला. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्यामागील पुढाकार सर्वश्रुत आहे. तत्कालीन अखंड चांदा जिल्ह्याच्या दूरच्या खेड्यांतील श्रमिकाला नागपूर गाठणे सोपे नव्हते. चंद्रपूरच्या सोहळ्याने दीक्षा त्याच्या जिल्ह्यात आणली. ते मैदान पुढे दीक्षाभूमी म्हणून ओळखले जाऊ लागले, तेथे महाविद्यालय उभे राहिले आणि दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला अनुयायांचा मेळावा भरू लागला. एका दिवसाच्या कार्यक्रमाने जागेला कायमचा इतिहास दिला. ऐतिहासिक नगरात सभा भरविणे ही एक गोष्ट आणि सभेने नगराच्या इतिहासात भर घालणे ही दुसरी; १९५६ मध्ये चंद्रपुरात दुसरी गोष्ट घडली.

सोयीवर आधारित निवड : साहित्य संमेलने

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरात दोनदा भरले. १९७९ च्या संमेलनाचे अध्यक्ष कथाकार वामन कृष्ण चोरघडे होते, तर फेब्रुवारी २०१२ मधील ८५ व्या संमेलनाचे अध्यक्षपद कवी वसंत आबाजी डहाके यांनी भूषविले. संमेलनासाठी निमंत्रणे मागविणे, स्थळ निवड समितीने पाहणी करणे आणि महामंडळाने निर्णय घेणे अशी ही प्रक्रिया आहे. हजारो रसिकांची निवास-भोजन व्यवस्था, ग्रंथप्रदर्शनासाठी विस्तीर्ण मैदान आणि दळणवळणाची सोय हे निकष अशा पाहणीत स्वाभाविकपणे निर्णायक ठरतात. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील चंद्रपूर या निकषांवर उतरते.

तथापि दोन्ही संमेलनांच्या काळातील जिल्ह्याचा नकाशा सारखा नव्हता. १९७९ मध्ये वरोऱ्यापासून सिरोंचापर्यंतचा प्रदेश एकाच जिल्ह्यात होता. चंद्रपूरला मिळालेला मान नावापुरता का होईना, भामरागड-एटापल्लीलाही मिळाला होता. २०१२ मध्ये गडचिरोली वेगळा होऊन जवळपास तीस वर्षे लोटली होती. अखिल भारतीय संमेलन गडचिरोलीत आजवर भरलेले नाही. ज्या जिल्ह्यात रेल्वे दीर्घकाळ देसाईगंजपुरतीच मर्यादित राहिली आणि जेथून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे, तो जिल्हा सोयीच्या निकषावर नेहमीच मागे पडणार. निकष निःपक्षपाती दिसतात. परंतु ज्या भागाला आधीच रस्ते व सभागृहे मिळाली, त्यालाच ते पुन्हा कौल देतात. माडिया आणि गोंडी भाषांच्या प्रदेशाविषयीची चर्चा त्यामुळे त्या प्रदेशाबाहेर होत राहते.

सहभागींच्या दृष्टीने निवड : शिबिरे व गोटूल

याच परिसरात या निकषांना पर्याय देणारी परंपराही निर्माण झाली. बाबा आमटे यांनी मूल तालुक्यातील सोमनाथ येथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्रमसंस्कार छावणी सुरू केली. विदर्भातील मे महिन्याचा उन्हाळा आणि जंगलालगतची शेतजमीन ही कोणत्याही आयोजकास गैरसोय वाटावी. छावणीत मात्र तीच अभ्यासक्रमाचा भाग झाली. पहाटेचे श्रमदान व नंतरचे बौद्धिक या क्रमात स्थळच शिक्षक होते.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे कार्य आरंभिले. पुढे उभारलेल्या शोधग्रामची रचना आदिवासी खेड्याच्या धर्तीवर करण्यात आली आणि रुग्णालयास माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. मोठ्या इमारतीत बिचकणाऱ्या रुग्णास जागा आपली वाटावी, हा त्यामागील हेतू होता. याच परिसरात २००६ पासून ‘निर्माण’ या उपक्रमाची युवक शिबिरे होऊ लागली. शहरातील युवकाला येथे येताना अंतर कापावे लागते; रुग्णाला मात्र त्या वातावरणात परके वाटत नाही. गैरसोय कोणी सोसावी, याचा क्रम येथे उलटा झाला आहे.

याहून जुने उदाहरण गोटूलचे होय. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने गोटूलचे पुनरुज्जीवन केले, अभ्यासगट चालविला आणि ग्रामसभेतील निर्णय सर्वसहमतीने घेण्याची पद्धत रुजविली. वनहक्क कायदा २००६ खाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. ज्या जंगलाविषयी निर्णय घ्यावयाचा, त्याच्या सीमेत बसून आणि स्वतःच्या भाषेत अभ्यास झाल्यामुळे हा हक्क कागदावरून व्यवहारात आला. हा अभ्यास जिल्ह्याच्या ठिकाणच्या सभागृहात झाला असता, तर त्यात गावातील किती स्त्रिया व वृद्ध सहभागी होऊ शकले असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

उच्च शिक्षणाच्या संदर्भात

२०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय गडचिरोली येथे ठेवण्यात आले. महाविद्यालयांची संख्या व दळणवळण या निकषांवर चंद्रपूरचा दावा प्रबळ होता. तरीही मुख्यालय वनप्रदेशाकडे सरकले, ही स्थळनिवडीच्या इतिहासातील लक्षणीय घटना मानली पाहिजे. परंतु मुख्यालयाच्या निर्णयाने दिलेली दिशा महाविद्यालयीन चर्चासत्रांनी फारशी अंगीकारलेली दिसत नाही. आदिवासी इतिहास, वनहक्क अथवा गोंडकालीन स्थापत्य या विषयांवरील चर्चासत्रे बहुधा वातानुकूलित सभागृहातच पार पडतात. चंद्रपुरात भरणाऱ्या चर्चासत्राच्या पत्रिकेवर जटपुरा दरवाजाचे छायाचित्र असते, पण कार्यक्रमपत्रिकेत परकोटाच्या फेरीसाठी वेळ नसतो. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी परकोटाच्या स्वच्छतेची मोहीम हाती घेतली. इतिहासाच्या अभ्यासकांच्या कितीतरी आधी त्यांनी बुरुजांवरील झुडपे काढली, ही बाब प्राध्यापकवर्गाने अंतर्मुख होऊन पाहण्याजोगी आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनातून स्थळनिवडीचे तीन आधार स्पष्ट होतात : भूमीचा इतिहास, आयोजकांची सोय आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्यांची पोहोच. पहिला आधार १९५६ मध्ये प्रभावी ठरला, दुसरा साहित्य संमेलनांत, तर तिसरा सोमनाथ, शोधग्राम व मेंढा येथे. १९५६ चे वैशिष्ट्य असे की, चंद्रपूरच्या सोहळ्याने पहिल्या आधारास तिसऱ्याची जोड दिली. म्हणूनच त्या स्थळाचे महत्त्व टिकून राहिले. सोय हा निकष त्याज्य नाही. निवासाविना परिषद होत नाही. तो एकमेव निकष झाला की ऐतिहासिक नगर केवळ पार्श्वभूमीच्या पडद्यापुरते उरते आणि ज्यांच्याविषयी निबंध वाचले जातात ते श्रोत्यांत नसतात. यासाठी चर्चासत्राच्या प्रस्तावातच स्थळाचे शैक्षणिक प्रयोजन नमूद करणे, किमान एक सत्र ग्रामसभेत, गोटूलात अथवा परकोटावर घेणे आणि तेथे गोंडी-माडिया दुभाषाची व्यवस्था करणे अगत्याचे ठरेल. यासाठी लागणारा खर्च मोठा नाही. मात्र शंभर-दीडशे किलोमीटरचा प्रवास दरवेळी एटापल्लीच्या माणसानेच का करावा, याचे उत्तर प्रत्येक आयोजकाने स्थळ ठरविण्यापूर्वी द्यावयास हवे.